पाणबुडीचा डोळा आणि कप्तानाची कसोटी

खानदेशास समुद्र नाही. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याची रांग आणि मधून वाहणारी तापी, असा हा आपला मुलूख. वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा या नद्या आपले पाणी तापीच्या ओटीत घालतात आणि तापी ते सुरतेपलीकडे समुद्रास नेऊन पोहोचविते. समुद्राशी आपला पिढीजात संबंध म्हणाल तर एवढाच. आपल्यापैकी पुष्कळांच्या आजोबांनी समुद्र प्रथम पाहिला तो मुंबईस, आणि तोही मुलानातवांच्या नोकरीच्या निमित्ताने. अशा प्रदेशातील कुटुंबांच्या हाती जाणाऱ्या या स्मरणिकेत आम्ही पाणबुडीचा इतिहास सांगावयास बसलो, तर "हा विषय येथे कोठून आला?" असे एखादा ज्ञातिबांधव विचारील, आणि त्याचे विचारणे वावगे नव्हे.

त्यास आमचे उत्तर दुहेरी आहे. पहिले असे की, देशाच्या संरक्षणाशी खानदेशाचा संबंध जुना आहे. भुसावळ व वरणगाव येथील संरक्षणसामग्रीच्या कारखान्यांत आपल्या जिल्ह्यातील हजारो हातांनी काम केले आहे, आणि जळगाव व धुळे या दोन्ही जिल्ह्यांतील तरुण सैन्याप्रमाणेच नौदलातही जात आले आहेत. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. पाणबुडीच्या कप्तानास जी शिकवण दिली जाते, तिच्यात मुले वाढविणाऱ्या प्रत्येक घराने विचार करावा असे काही आहे. ते काय, हे शेवटी सांगू. तूर्त इतिहासाकडे वळू.

दोन आरशांची नळी

पुठ्ठ्याची एक लांबट पेटी घ्यावी, तिच्या दोन्ही टोकांस दोन आरसे ४५ अंशांत तिरपे बसवावेत, आणि खालच्या भोकास डोळा लावावा. भिंतीपलीकडचे दिसू लागते. हा प्रयोग शाळेत केला नाही असा विद्यार्थी विरळा. पाठ्यपुस्तकांत यास परिदर्शी म्हणतात. लोकांच्या तोंडी पेरिस्कोप हाच शब्द रुळला आहे आणि आम्हीही तोच वापरतो.

ही कल्पना पाणबुडीहून पुष्कळ जुनी आहे. डॅन्झिग येथील ज्योतिषी योहान्नेस हेवेलियस याने १६४७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या चंद्रविषयक ग्रंथात अशा नळीचे वर्णन केले असून, युद्धात आडोशामागून शत्रूस पाहण्यास ती उपयोगी पडेल असे त्याचे म्हणणे होते. पुढे १८५४ साली मारिए-दाव्ही या फ्रेंच शास्त्रज्ञाने पाण्याखालील नौकेसाठी आरशांची नळी सुचविली. कालांतराने आरशांच्या जागी काचेचे लोलक आले. तरीही एकोणिसाव्या शतकातील बहुतेक पाणबुड्या पाण्याखाली गेल्या की आंधळ्याच असत. अमेरिकेच्या आरमाराने १९०० साली घेतलेल्या 'हॉलंड' या पाणबुडीस पेरिस्कोप नव्हता. तिचा कप्तान वरच्या लहानशा मनोऱ्याच्या काचांतून बाहेर पाही. त्यासाठी सगळी नौका क्षणभर वर आणावी लागे आणि पुन्हा खाली न्यावी लागे. सुसर डोके वर काढून पाहते आणि पुन्हा बुडी मारते, तसाच हा प्रकार. परंतु सुसरीस जे साधते ते शेकडो मण लोखंडास साधणे कठीण, आणि शत्रूस तेवढी खूण पुरेशी होई.

१९०१ साली इंग्रजांनी आपली पहिली पाणबुडी पाण्यात सोडली. तिच्यासाठी कॅप्टन रेजिनाल्ड बेकन यांच्या पुढाकाराने डब्लिनचे प्रसिद्ध दुर्बीणकार सर हॉवर्ड ग्रब यांनी पेरिस्कोप सिद्ध केला. त्या पहिल्या यंत्राची एक गंमत होती. समोर पाहिले की जहाज सरळ दिसे. नळी बाजूस वळविली की तेच जहाज आडवे पडलेले दिसे. आणि मागे वळविली की उलटे, शिडे खाली आणि तळ वर! आज हे वाचून हसू येते. परंतु त्या अंधाऱ्या पेटाऱ्यात उभा असलेला कप्तान त्या उलट्या चित्रावरूनच आपल्या माणसांस कोठे न्यावयाचे हे ठरवीत असे. पुढे लोलकांची रचना सुधारून हा दोष काढून टाकण्यात आला.

एक मोठा दोष मात्र यंत्रात नव्हता आणि म्हणून यंत्र सुधारून तो जाणार नव्हता. नळी एका वेळी एकाच दिशेस पाहते. १८ मार्च १९०४ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ आरमाराचा सराव चालू होता. 'ए-१' नावाची पाणबुडी 'जूनो' या क्रूझरवर लटका हल्ला करण्याच्या तयारीत होती. कप्तानाचा डोळा सावजावर खिळलेला होता. त्याच वेळी 'बर्विक कॅसल' नावाची प्रवासी बोट दुसऱ्या बाजूने आली आणि पाणबुडीवरून गेली. बोटीवरील लोकांस वाटले की सरावातला एखादा पाणतीर आपल्यास लागला. प्रत्यक्षात त्यांच्या खाली अकरा माणसे बुडाली होती. एकही वाचला नाही. शत्रू नव्हता, युद्ध नव्हते, यंत्र बिघडले नव्हते. एका माणसाने एका बाजूस पाहिले आणि बाकीच्या बाजू पाहावयाच्या राहिल्या, एवढेच घडले होते. पेरिस्कोपच्या इतिहासात हा प्रसंग आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटतो, आणि पुढील सर्व विवेचनात वाचकांनी तो ध्यानात ठेवावा अशी आमची विनंती आहे.

पाहण्याची विद्या

पुढील काळात पाणबुडीवर दोन पेरिस्कोप बसविण्याची रीत पडली. एक टेहळणीचा, जाड नळीचा, अधिक उजेड घेणारा. आणि दुसरा हल्ल्याचा, ज्याचे वरचे टोक शक्य तितके बारीक केलेले असते, जेणेकरून लाटांत तो शत्रूच्या नजरेस पडू नये. सामान्यतः या नळीत दोन शक्ती असतात: दीडपट आणि सहापट. दीडपट कशासाठी, असे कोणी विचारील. एका डोळ्याने नळीतून पाहताना वस्तू असते त्याहून लहान भासते. ती दीडपट केली म्हणजे साध्या डोळ्यांस दिसते तशी वाटते. सहापट शक्ती बारकाई पाहण्यासाठी. परंतु तिच्यातून समुद्राचा फारच थोडा तुकडा दिसतो.

अंतर मोजण्याची युक्तीही ऐकण्यासारखी आहे. नळीतील एका योजनेने जहाजाची एकावर एक अशी दोन चित्रे दिसतात. वरच्या चित्राची पाण्याची रेषा खालच्या चित्राच्या डोलकाठीच्या टोकास टेकेपर्यंत चक्र फिरवावयाचे. त्यावरून कोन कळतो. डोलकाठीची उंची ठाऊक असली की अंतर निघते. समजा, ३० मीटर उंचीची डोलकाठी १ अंशाचा कोन करते. तर जहाज सुमारे १७२० मीटरांवर आहे. परंतु ती काठी वस्तुतः २४ मीटरांचीच असेल, तर जहाज १३७५ मीटरांवरच आहे. म्हणजे समोरचे जहाज कोणते हे ओळखण्यात चूक झाली की सगळे गणित चुकले. आकडे बिनचूक सोडविणाऱ्याचाही मूळ अंदाज चुकीचा असेल तर उत्तर चुकीचेच येते, हे आपल्या व्यापारी वाचकांस निराळे सांगावयास नको.

शिवाय वेळेचा प्रश्न. नळीचे टोक पाण्यावर १ मीटर असले तर क्षितिज अवघे साडेतीन किलोमीटरांच्या आसपास असते. चालत्या पाणबुडीची नळी पाणी चिरीत जाते, तेव्हा मागे पांढऱ्या फेसाची रेघ उठते. निवांत समुद्रात ती दुरून आणि विमानातून सहज दिसते. म्हणून नळी वर काढावयाची ती मोजक्या सेकंदांपुरती. तेवढ्यात चोहोंकडे पाहून घ्यावयाचे, नळी खाली घ्यावयाची, आणि मग जे पाहिले ते मनात ठेवून काम करावयाचे. कोणते जहाज कोठे होते, कोणत्या दिशेने, किती वेगाने जात होते, आणि आता नळी खाली असताना ते कोठवर आले असेल, हे सर्व कप्तानाच्या डोक्यात चालत राहिले पाहिजे. डोळ्याचे काम काही सेकंदांचे. स्मरणशक्तीचे आणि विवेकाचे काम अखंड.

आपल्याकडे विहिरीचा गाळ काढताना एकास दोराने खाली सोडतात आणि बाकीचे काठावर दोर धरून उभे असतात. खालच्यास अंधार दिसतो, वरच्यास उजेड. आणि दोर ओढणाऱ्यांचे सगळे लक्ष त्याच्या हाकेकडे असते. पाणबुडीत याच्या उलट आहे. तेथे सगळेच खाली, अंधारात आहेत आणि वरचा उजेड पाहणारा एकच आहे. पन्नास-साठ माणसे त्याच्या एका डोळ्याने पाहतात. या डोळ्याचे सामर्थ्य किती, हे जगास २२ सप्टेंबर १९१४ रोजी कळले. त्या सकाळी ओटो वेडिगेन या जर्मन कप्तानाच्या 'यू-९' या लहानशा पाणबुडीने इंग्रजांची 'अबुकीर', 'हॉग' आणि 'क्रेसी' ही तीन क्रूझर जहाजे सुमारे दीड तासात बुडविली आणि चौदाशेंहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. एका बाजूस अजस्र आरमार, दुसऱ्या बाजूस एक नळी आणि तिच्यामागील एक माणूस!

कप्तानाची शाळा

तो माणूस कसा निवडावा? पहिल्या महायुद्धाच्या आरंभीच्या वर्षांत यासाठी निराळी शाळा नव्हती. दुय्यम अधिकारी म्हणून काही काळ काम केले, वरिष्ठांचे मत अनुकूल पडले, की कप्तानपद मिळे. शिकावयाचे ते युद्धातच. आणि शिकताना केलेल्या चुकीची किंमत सगळ्या नौकेने द्यावयाची. म्हणून १९१७ साली इंग्रजांच्या आरमाराने पेरिस्कोपचा शिक्षणक्रम सुरू केला. खलाश्यांनी पेरिस्कोप या शब्दाचा अपभ्रंश करून त्यास 'पेरिशर' म्हटले; इंग्रजीत त्या शब्दास नाश पावणारा असाही ध्वनी आहे, आणि त्यातील विनोद निर्विष नाही.

या शिक्षणक्रमाची पद्धत अशी. मोजके अधिकारी एका वेळी घेतले जातात. त्यांचा एकच प्रमुख शिक्षक असतो आणि त्यास नुसते 'टीचर' म्हणतात. तो स्वतः अनुभवी पाणबुडी-कप्तान असतो. प्रथम जमिनीवर, बनावट नियंत्रणकक्षात सराव. नंतर खऱ्या पाणबुडीत, खऱ्या समुद्रावर. विद्यार्थी आळीपाळीने कप्तान होतात. शिक्षकाच्या सांगण्यावरून फ्रिगेट जहाजे भर वेगाने पाणबुडीच्या रोखाने सोडली जातात. आधी एक, मग दोन, मग आणखी. ताशी ३० सागरी मैलांच्या वेगाने येणारे जहाज एका मिनिटात ९०० मीटरांहून अधिक अंतर कापते. विद्यार्थ्याने ते पाहावे, मनात सेकंद मोजावेत, नळी खाली घ्यावी, दुसऱ्या जहाजाकडे लक्ष द्यावे, परत वेळेवर पहिल्याकडे पाहावे, आणि ते डोक्यावर येण्यापूर्वी पाणबुडी खोल न्यावी. लवकर घाबरून खोल गेला तर हल्ला फसला. उशिरा गेला तर सर्वांचा जीव गेला. या दोहोंमधील अरुंद पट्टीवर त्याने उभे राहावयाचे. विद्यार्थ्यास भान राहिले नाही तर शिक्षक स्वतः हुकूम देऊन नौका खाली नेतो. तोवर तो गप्प राहून पाहत असतो. विद्यार्थ्याची बुद्धी किती हे त्यास आधीच ठाऊक असते. सगळीकडून कोंडी झाली असता, झोप अपुरी असता, चूक घडून गेली असता हा माणूस स्थिर राहतो किंवा कसे, हे त्यास पाहावयाचे असते.

आणि जो उतरत नाही त्याचे काय? येथे या शाळेची कीर्ती आहे. शिक्षकाचा निर्णय झाला की त्या विद्यार्थ्यास त्याच दिवशी लहान बोटीने किनाऱ्यावर पाठवितात. त्याचे सामान आधीच बांधून ठेवलेले असते. इंग्रजी रिवाजाप्रमाणे निरोपादाखल त्याच्या हाती व्हिस्कीची एक बाटली देतात. तो पुन्हा कधीही पाणबुडीत नोकरी करीत नाही. पुन्हा परीक्षा नाही, पुरवणी नाही, शिफारस नाही.

हे कठोर वाटेल. आम्हांसही प्रथम वाटले. परंतु थोडा विचार केला म्हणजे दोन गोष्टी ध्यानात येतात. एक, त्या अधिकाऱ्याचा हुद्दा जात नाही. आरमारातील इतर जहाजांवर त्यास काम मिळते, आणि तेथे त्याची योग्यता कमी मानली जात नाही. दुसरी, त्यास निरोप देताना कोणी उपहास करीत नाही, कारण मागे राहिलेल्या प्रत्येकास ठाऊक असते की उद्या आपलीही पेटी बांधली जाईल. तो एका कामास योग्य ठरला नाही, एवढेच सिद्ध झाले. तो माणूस म्हणून कमी ठरला नाही.

इंग्रजांनी १९९० नंतरच्या दशकात विजेच्या घटांवर चालणाऱ्या आपल्या पाणबुड्या मोडीत काढल्या व केवळ अणुशक्तीच्या ठेविल्या. तेव्हा विद्युत-डिझेल पाणबुड्यांसाठी हीच परंपरा डच आरमाराने १९९५ पासून पुढे चालविली.

आपल्या देशाची पाणबुडी

आता स्वदेशाकडे येऊ, कारण येथे महाराष्ट्राचा संबंध येतो. चीनच्या आक्रमणानंतर नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण दिल्लीस संरक्षणमंत्री म्हणून गेले आणि १९६३ साली आपल्या शेजारच्या नाशिक मतदारसंघातून बिनविरोध लोकसभेवर निवडून आले. त्याच सुमारास, १९६२ ते १९६६ या काळात, नौदलाचे प्रमुख होते व्हाइस ॲडमिरल भास्कर सदाशिव सोमण. भारताच्या पाणबुडीदलाचा पाया घालण्याचा निर्णय झाला तेव्हा मंत्री आणि नौदलप्रमुख, ही दोन्ही माणसे मराठी होती, ही गोष्ट आपल्यापैकी थोड्यांसच ठाऊक असेल.

साठीच्या दशकाच्या आरंभी आपले काही अधिकारी व खलाशी इंग्रजांच्या पाणबुड्यांवर शिकावयास गेले होते, आणि पाणबुडीही इंग्लंडकडूनच घ्यावी असा नौदलाचा साहजिक कल होता. १९६४ साली यशवंतरावांनी अमेरिका, रशिया व ब्रिटन या तिन्ही देशांत जाऊन बोलणी केली. ब्रिटनशी पैशाच्या सवलतीच्या अटी जमेनात. अखेर सप्टेंबर १९६५ मध्ये रशियाशी करार होऊन चार पाणबुड्या घेण्याचे ठरले. आपल्या माणसांनी प्रथम रशियन भाषा शिकावी, मग व्लादिवोस्तोकच्या थंडीत पाणबुडी शिकावी, असा क्रम लागला. दोन गुरुकुलांची विद्या अशा रीतीने एकत्र आली.

८ डिसेंबर १९६७ रोजी रिगा बंदरात पहिली पाणबुडी 'कलवरी' नौदलात दाखल झाली; तिचे कप्तान कमांडर के. एस. सुब्रमण्यन होते. हाच दिवस नौदलात पाणबुडी-दिन म्हणून पाळला जातो. सुएझचा कालवा तेव्हा युद्धामुळे बंद असल्याने ती आफ्रिकेस वळसा घालून मायदेशी आली. तिच्यामागून १९६८ मध्ये 'खांदेरी' आणि १९६९ मध्ये 'करंज' व 'कुरसुरा' आल्या. यांपैकी खांदेरी हे नाव मराठी वाचकास परके नाही. अलिबागनजीक थळच्या समोरील ज्या बेटावर १६७९ साली शिवछत्रपतींनी इंग्रज व सिद्दी यांचा विरोध मोडून किल्ला उभारला, ते हे खांदेरी.

१९७१ च्या युद्धात 'करंज' कराचीच्या बाजूच्या समुद्रात होती. तिचे कप्तान कमांडर विजयसिंह शेखावत यांस वीरचक्र मिळाले, आणि पुढे १९९३ ते १९९६ या काळात ते नौदलप्रमुख झाले. त्याच युद्धात ९ डिसेंबर रोजी आपली 'खुकरी' ही फ्रिगेट पाकिस्तानच्या 'हंगोर' या पाणबुडीने बुडविली. १८ अधिकारी व १७६ खलाशी तिच्यासह गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी नौका सोडली नाही. पाण्याखालील एक डोळा काय करू शकतो, याचा हा धडा आपल्यास आपल्याच माणसांच्या प्राणांनी मिळाला.

१९७४ साली विशाखापट्टणम येथे 'सातवाहन' ही पाणबुडी-शिक्षणाची संस्था सुरू झाली आणि शिक्षणासाठी परदेशाकडे पाहण्याची गरज कमी झाली. पुढे जर्मन आराखड्याच्या 'शल्की' (१९९२) व 'शंकुल' (१९९४) या पाणबुड्या मुंबईच्या माझगाव गोदीत बांधल्या गेल्या. त्यानंतर फ्रेंच आराखड्याच्या सहा पाणबुड्या त्याच गोदीत सिद्ध झाल्या: नवी 'कलवरी' २०१७ मध्ये, नवी 'खांदेरी' २०१९ मध्ये, 'करंज' व 'वेला' २०२१ मध्ये, 'वागीर' २०२३ मध्ये आणि 'वागशीर' १५ जानेवारी २०२५ रोजी. नव्या 'करंज'च्या दाखल-समारंभास जुन्या 'करंज'चे कप्तान ॲडमिरल शेखावत प्रमुख पाहुणे म्हणून उपस्थित होते. ज्याने पन्नास वर्षांपूर्वी त्या नावाच्या नौकेची धुरा वाहिली त्याच्याच हस्ते नवी नौका नौदलात यावी, हा योग सुंदर होय.

ही सेवा सुखाची नाही हेही सांगितले पाहिजे. १४ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबई बंदरातच 'सिंधुरक्षक' पाणबुडीत स्फोट होऊन १८ जण गेले. म्हणूनच पाणबुडीत जाणारा स्वेच्छेने जातो. शिक्षण पुरे करून, नौकेचा प्रत्येक नळ व प्रत्येक झडप अंधारातही हातास ओळखू आली, की मग त्याच्या छातीवर डॉल्फिनचे चिन्ह लागते. कप्तानपद तर याहून पुष्कळ वर्षे दूर असते, आणि आपल्या नौदलातही ते हाती येण्यापूर्वी आपली योग्यता समुद्रावर सिद्ध करावी लागते.

नळी गेली, पडदा आला

शंभर वर्षे पाणबुडीच्या कप्तानाचे चित्र म्हणजे टोपी उलटी फिरवून नळीच्या मुठी धरलेला माणूस, असेच होते. आता ते पालटत आहे. नव्या पद्धतीत नळीऐवजी एक खांब वर जातो. त्याच्या टोकाशी दिवसाचे व रात्रीचे कॅमेरे असतात, उष्णता पाहणारे कॅमेरे असतात, आणि अंतर मोजण्यास लेसर असतो. चित्र तारेतून खाली पडद्यावर येते. अमेरिकेच्या 'व्हर्जिनिया' वर्गाच्या (२००४) आणि ब्रिटनच्या 'अस्ट्यूट' वर्गाच्या (२०१०) पाणबुड्यांत जुनी नळी ठेविलेलीच नाही. आपल्या नव्या 'कलवरी' वर्गात टेहळणीसाठी असा खांब आणि हल्ल्यासाठी पेरिस्कोप, अशी दोहोंची सांगड आहे.

याचे फायदे उघड आहेत. जुनी नळी नौकेच्या जाड पोलादी कवचातून आरपार जात असे. तेथे भोक ठेवावे लागे आणि नियंत्रणकक्ष नेमका तिच्याखालीच ठेवावा लागे. तार कोठेही नेता येते. खांब काही सेकंदांत चोहोंकडचे चित्र टिपून खाली जातो आणि मग ते चित्र निवांतपणे, पुन्हा पुन्हा, सर्वांस पाहता येते. २०१८ साली नौदलात आलेल्या एका अमेरिकी पाणबुडीवर तर हा खांब फिरविण्यास मुले घरी खेळतात तसल्या खेळाची मूठ बसविली आहे. तरुण खलाश्यांच्या हातास ती आधीच सवयीची!

मग एका डोळ्याची अडचण संपली काय? आमच्या मते नाही, आणि त्यास पुरावा आहे. ९ फेब्रुवारी २००१ रोजी हवाई बेटांजवळ अमेरिकेची 'ग्रीनव्हिल' ही पाणबुडी पाहुण्यांस घेऊन फेरीवर निघाली होती. झपाट्याने वर येण्याचे प्रात्यक्षिक करावयाचे होते. त्यापूर्वी कप्तानाने स्वतः पेरिस्कोपमधून पाहिले. परंतु ठरल्यापेक्षा कमी वेळ पाहिले. समुद्रावर धुके होते आणि जवळच असलेली 'एहिमे मारू' ही जपानी विद्यार्थ्यांची पांढरी शिक्षण-नौका त्याच्या नजरेस पडली नाही. पाणबुडी खालून तिच्यावर आदळली. नऊ जण बुडाले. त्यांत चार शाळकरी मुले होती. चौकशीत आणखी एक गोष्ट बाहेर आली. आवाजांवरून जहाजांच्या जागा मांडणाऱ्या खलाश्याच्या आकडेवारीत एक जहाज अगदी जवळ दिसत होते. परंतु कप्तानाने पाहिले आहे आणि त्यास काही दिसले नाही, तेव्हा आपलेच गणित चुकले असेल, असे त्यास वाटले आणि तो बोलला नाही.

१९०४ ची 'ए-१' आणि २००१ ची 'ग्रीनव्हिल' यांमध्ये ९७ वर्षांची सुधारणा आहे. तरी दोन्ही ठिकाणी चूक यंत्राची नव्हती. पहिल्या वेळी पाहणाऱ्याने सर्व बाजूंस पाहिले नाही. दुसऱ्या वेळी पाहणाऱ्याने घाई केली, आणि ज्यास ठाऊक होते तो गप्प राहिला. यंत्राने अनेकांस डोळे दिले, तरी प्रत्येकास बोलण्याचे धैर्य आणि कप्तानास ऐकण्याची सवय यंत्र देऊ शकत नाही. ती शिकवावीच लागते.

आपल्या घरांसाठी

आरंभी जे सांगावयाचे राखून ठेविले होते ते आता सांगतो. आपल्या मंडळाच्या गुणगौरव समारंभात दर वर्षी उत्तीर्ण मुलांची नावे पुकारली जातात, टाळ्या होतात, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्यांची नावे पुकारली जात नाहीत ती मुले त्या दिवशी कोठे असतात, याचा आम्ही कधी विचार केला आहे काय? पुष्कळदा ती घरीच असतात आणि घरातील माणसेही त्यांच्याशी नीट बोलत नाहीत. जगातील एका अत्यंत कठोर शाळेने नापास ठरलेल्याची पेटी बांधली, पण त्याचा मान राखला आणि दुसरे काम त्याच्या हाती दिले. आमच्या घरांत मात्र दहावी-बारावीच्या एका आकड्यावरून मुलाच्या योग्यतेचा निकाल लागतो. कठोरपणा परीक्षेत असावा. परीक्षेनंतरच्या वागण्यात नसावा.

दुसरे असे की, ज्या घरात वडील माणसाने एकदा पाहिले म्हणजे झाले, लहानांनी बोलू नये, असा दंडक असतो, त्या घरातही 'एहिमे मारू'सारखे प्रसंग घडू शकतात. कर्जाचा कागद असो, जमिनीचा व्यवहार असो, मुलीच्या स्थळाची चौकशी असो; घरातील कोणास तरी वेगळे दिसलेले असते आणि तो गप्प बसलेला असतो. वडीलकीचा मान राखूनही त्यास बोलता यावे, अशी रीत घरात असावी. कप्तानाने निर्णय करावा. परंतु त्यापूर्वी नळी पूर्ण फिरवावी आणि खालच्यांस विचारावे.

ज्या तरुणांस या मार्गाने जावेसे वाटेल त्यांच्यासाठी वाटा मोकळ्या आहेत. नाशिकची भोसला सैनिकी शाळा १९३७ पासून, साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ पासून, आणि छत्रपती संभाजीनगर येथील सेवा पूर्वतयारी संस्था १९७७ पासून मुलांस या दिशेने घडवीत आल्या आहेत. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे दार २०२२ पासून मुलींसही उघडले आहे. आपल्या जळगाव-धुळ्याच्या मुलामुलींनी तेथे जावे. जे निवडले जातील त्यांचे नाव पुढील स्मरणिकेत अभिमानाने छापू. जे निवडले जाणार नाहीत ते घरी परततील, तेव्हा स्टेशनवर त्यांस घ्यावयास कोणीतरी जावे, एवढीच ज्ञातिबांधवांस व भगिनींस आमची विनंती आहे.